वजनाचं औषध सुरू करण्याआधी

“डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, डॉक्टर. तोवर दहा किलो तरी उतरायला हवेत. ते इंजेक्शन देऊन टाका ना.” मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात हल्ली ही मागणी सर्रास होते. तिच्यात गैर काही नाही, घोळ आहे तो तारखेचा. लग्न डिसेंबरात उरकतं, औषध जानेवारीत बंद होतं आणि पुढचा डिसेंबर येईतो उतरलेल्यातलं बरंचसं वजन परत चढलेलं असतं. मग कोणी औषधाला नावं ठेवतं, कोणी त्या माणसाला. वजन उतरल्यावर औषधाचं काय करायचं, हे मात्र कोणीच ठरवलेलं नसतं, आणि ते पहिला डोस घेण्याआधी ठरवावं लागतं. पुढची सगळी माहिती या एका प्रश्नाच्या अंगाने वाचावी.

उतरलेलं वजन परत का येतं

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लठ्ठ स्त्री-पुरुषांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक अजून चढलेलंच होतं आणि पोट भरल्याची खबर मेंदूला देणारी संप्रेरकं अजून खालीच होती. माणसं स्वतःही सांगत होती की डाएटच्या आधी लागायची त्याहून जास्त भूक आता लागते. वजन घटलं की शरीर त्याला संकट समजतं आणि जुन्या आकड्याकडे ओढत राहतं. ‘जिभेवर ताबा नाही’ हा टोमणा घरोघरी ऐकू येतो, पण वर्षभर वाढलेली भूक सोसणारा माणूस नुसत्या जिभेशी झगडत नसतो.

नवी औषधं नेमकी याच भुकेवर काम करतात. सेमाग्लुटाइड हे आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल आहे. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीने जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. दोन्ही आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचायची. पोट सावकाश रिकामं होतं, थोडं खाल्लं की पुरे वाटतं, आणि डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची भुणभुण थांबते. घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त अप्रूप या शेवटच्या गोष्टीचं वाटतं. समोर भजी आहेत आणि हात पुढे जात नाही, हा अनुभव कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदाच येतो.

आकडे भरघोस आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसता आहार-व्यायाम आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत, सगळ्यात मोठ्या डोसवर, सुमारे २१ टक्के घट दिसली. ८० किलोच्या माणसाचे बारा ते सतरा किलो झाले. हे आकडे सरासरीचे आहेत हे विसरू नये. काहींचं याहून जास्त उतरतं, काहींचं जेमतेम चार-पाच टक्के.

आता याच औषधांच्या चाचण्यांचा पुढचा भाग, जो जाहिरातीत येत नाही. सेमाग्लुटाइड आणि सोबतचं मार्गदर्शन बंद करून वर्ष झालं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. टिर्झेपटाइडच्या एका चाचणीत सगळ्यांना ३६ आठवडे औषध दिलं, मग निम्म्यांना त्यांच्या नकळत खोट्या इंजेक्शनवर नेलं. त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के वाढलं, तर औषध चालू राहिलेल्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. औषध फसलं असा याचा अर्थ नाही. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वर जातो, तेव्हा आपण गोळीला दोष देत नाही. पण दाबाची गोळी बहुधा कायमची आहे हे पहिल्या दिवशी ठाऊक असतं, आणि वजनाचं इंजेक्शन मात्र लोक खोकल्याच्या बाटलीसारखं घेतात.

गोळीच हवी असेल तर

सुईची भीती असलेले विचारतात, गोळी नाही का? आहे. वजनासाठी भारतात बरीच वर्षं मिळणारी गोळी म्हणजे ऑर्लिस्टॅट. १२० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत. ती भुकेला हात लावत नाही. जेवणातल्या चरबीपैकी साधारण तीस टक्के आतड्यात शोषली जाऊ देत नाही, इतकंच. न शोषलेलं तेल जातं कुठे, हे ज्याने ही गोळी घेऊन मिसळपाव खाल्लाय त्याला विचारावं. तेलकट शौच, वायूबरोबर कपड्यांना डाग, ऐनवेळी धावपळ. चार वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीत ऑर्लिस्टॅटवाल्यांचं वजन शेवटी ५.८ किलो कमी राहिलं, बाकीच्यांचं ३ किलो. फरक पावणेतीन-तीन किलोंचा, पण त्या चार वर्षांत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी घटलं, म्हणून ही गोळी अगदीच मोडीत काढू नये. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर निघून जातात, त्यामुळे जीवनसत्त्वांची गोळी रात्री झोपताना, ऑर्लिस्टॅटपासून लांब घ्यायची. वॉरफेरिन किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

सेमाग्लुटाइडचीही गोळी २०२२ पासून भारतात आहे, ती मधुमेहासाठी. सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही म्हणजे काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या घरात हा अर्धा तास पाळला जात नाही आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार येते.

जुन्या गोळ्यांचा इतिहास थोडा ठाऊक असलेला बरा. फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं, कारण हृदयाच्या झडपा बिघडत होत्या. रिमोनाबंटने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात असं दिसलं. सिब्युट्रामीनने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवला, २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते हटलं आणि २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. हे सांगायचं कारण निव्वळ जुनी आठवण नाही. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, ‘हर्बल फॅट कटर’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या भुकट्या-कॅप्सूलमध्ये हेच सिब्युट्रामीन लपवलेलं देशोदेशीच्या औषध प्रशासनांना वारंवार सापडलं आहे. एखादी भुकटी घेऊन भूक अचानक मेली, तोंडाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर ती लागू पडली म्हणून खूश होऊ नका. बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. वजनासाठी थायरॉइडची गोळी देणारा कोणी भेटला, आणि तुमचं थायरॉइड नीट असलं, तर तिथूनही परत फिरा.

औषध कोणाला लागतं

कमरेचा टायर कोणालाच आवडत नाही, पण तो औषधासाठी पुरेसं कारण नाही. औषध शरीराला होणारा अपाय टाळायला असतं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडची वजनासाठीची मान्यता बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना आहे, किंवा २७ आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर. भारतीय तज्ज्ञ लठ्ठपणाची रेषा २५ वर धरतात आणि औषधाचा विचारही थोडा अलीकडे सुरू करतात. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी २५ म्हणजे ६४ किलो, २७ म्हणजे ६९ आणि ३० म्हणजे ७७ किलो. आपलं वजन यात कुठे बसतं ते आत्ताच बघून घ्या.

भारतीयांची रेषा अलीकडे का, याची गोष्ट पुण्याची आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोटात मात्र चरबी साठलेली, असा आपला बांधा. म्हणून नुसत्या काट्यावर न थांबता शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन ‘नॉर्मल’ असूनही साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृत तपासून घ्यायला हवं. उलट, कंबर आटोक्यात, साखर-दाब ठीक, वजन चार-पाच किलोच जास्त, अशा माणसाला ही औषधं देणं मला पटत नाही. अपाय टाळण्याइतका अपायच तिथे नसतो, आणि औषधाचे त्रास मात्र पुरेपूर वाट्याला येतात.

हृदयविकार झालेल्यांचं गणित निराळं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेसतरा हजारांहून जास्त माणसांच्या चाचणीत, आधीपासून हृदयरोग असलेल्या पण मधुमेह नसलेल्या जाड माणसांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. तिथे काट्यावरचे किलो दुय्यम ठरतात.

दवाखान्यात काय सांगायचं

ही औषधं फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून घ्यावीत. ब्यूटी पार्लर, जिमचा ट्रेनर, मैत्रिणीचं उरलेलं इंजेक्शनचं पेन, हे मार्ग नकोत. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, काढ्यांसकट.

न विचारता सांगायच्या गोष्टी आहेत. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला आहे का. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का. पित्ताशयात खडे आहेत का. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास आहे का, कारण साखर झपाट्याने उतरली तर तो आधी थोडा वाढू शकतो. पूर्वी नैराश्य आलं होतं का, खाऊन मुद्दाम उलटी करण्याची सवय होती का, हेही. हे शेवटचं सांगायला संकोच वाटतो, पण भूक मारणारं औषध अशा माणसाच्या हातात देणं धोक्याचं असतं.

मुलं होऊ देण्याच्या वयातल्या बायकांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत, सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. आणि वजन उतरलं की, विशेषतः पीसीओडी असलेल्यांची, अनियमित पाळी सुधारते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरावं.

आणि ग्लिमेपिराइड. मधुमेह असलेल्या कित्येक घरांत ही स्वस्त गोळी असते. ती किंवा इन्सुलिन चालू असताना भूक मारणारं औषध सुरू केलं आणि जुना डोस तसाच ठेवला, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. पहिल्याच भेटीत विचारा, “माझी आधीची गोळी कमी करायची का?” एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस असे उपवास धरत असाल तर तेही तेव्हाच सांगा.

पहिले काही महिने आणि ताट

डोस पायरीपायरीने वाढवतात. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होऊन चार-चार आठवड्यांनी २.४ पर्यंत जातं, टिर्झेपटाइड २.५ पासून जास्तीत जास्त १५ पर्यंत. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, पोटाला सवय लागावी म्हणून असतो. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून स्वतःच डोस वाढवणारे पुढच्या आठवड्यात उलट्या करत परत येतात. कमी डोसवर वजन छान उतरत असेल तर वर जायची सक्तीही नाही.

मळमळ, पोट जड वाटणं, बद्धकोष्ठ, कधी जुलाब हे त्रास बहुतेकांना थोडेफार होतात आणि डोस वाढल्यावर काही दिवस वाढतात. इथे आपल्या खाण्यापिण्याचा संबंध येतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दिवसातून दोनदाच पोटभर जेवायची पद्धत महाराष्ट्रात घराघरात पोहोचली. काहींना ती मानवतेही. पण या औषधांवर असताना पोट सावकाश रिकामं होतं आणि एका बैठकीतलं भरपेट जेवण उलटून पडतं. दोन वेळांचा नियम तात्पुरता बाजूला ठेवा आणि थोडं थोडं, तीन-चार वेळा खा. पुरी-भाजी, मटणाचा तर्रीदार रस्सा, श्रीखंड यांच्या वाट्याला इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाऊ नका. पाणी जेवताना घटाघटा न पिता अधूनमधून प्या, ते कमी पडलं तर बद्धकोष्ठही वाढतं आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो.

सगळ्यात मोठी चूक प्रथिनांची होते. भूक मेलेली, त्यात आवडीचं म्हणून माणूस दोन बिस्किटं-चहा, दुपारी अर्धी वाटी वरणभात, रात्री पोह्यांची बशी इतकंच खातो. काटा उतरतो, घरचे कौतुक करतात. पण उतरणाऱ्या वजनात नुसती चरबी नसते. चाचण्यांत घटलेल्या वजनापैकी एक चतुर्थांश ते सुमारे ४० टक्के भाग स्नायूंसकट चरबी नसलेल्या ऊतींचा होता. आपल्याकडे मुळात स्नायू कमी, त्यात हे. औषध थांबल्यावर वजन परत येतं तेव्हा ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येतं. म्हणजे साठीच्या बाईचे आठ किलो उतरले, सहा परत आले, तर काट्यावर फायदा दोन किलोंचा दिसतो, पण मांड्या पूर्वीपेक्षा दुबळ्या आणि जिना चढताना कठड्याला हात.

म्हणून ताटात आधी प्रथिनं. औषध चालू असताना दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम धरा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. ७० किलोच्या माणसाला साधारण ७० ते ८५ ग्रॅम. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण वरण पातळ असतं. एका माणसाच्या वाटणीच्या ३० ग्रॅम कोरड्या डाळीत जेमतेम सात ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात किंवा वाटीभर दह्यात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. वरण घट्ट करा, मटकी-मुगाची उसळ भाजीच्या जागी वाटीभर घ्या, पिठलं जास्त आणि पोळी कमी असं ताट फिरवा. मासे खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या घरांना हे सोपं आहे, फक्त तळलेल्या तुकडीऐवजी हुमण किंवा आमटीतला मासा. जेवायला बसल्यावर पहिले घास प्रथिनांचेच घ्यायचे, भात नंतर, कारण पोट लवकर भरणार आहे आणि मागे राहील ते पानात टाकलं जाणार आहे. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास या काळात शक्यतो नको, धरायचाच तर राजगिरा, दाणे, ताक, दही यांवर धरा.

आणि चालणं पुरत नाही. सकाळचा फेरफटका हृदयाला उत्तम, पण स्नायू राखायला भार लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जमत असेल तर जिम. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाने हे फार नेमकं दाखवलं. आहाराने सरासरी तेरा किलो उतरवलेल्या माणसांना वर्षभर कुणाला लिराग्लुटाइड हे याच जातीचं औषध, कुणाला देखरेखीखाली व्यायाम, कुणाला दोन्ही दिलं. दोन्ही मिळालेल्यांचं वजन सगळ्यांत चांगलं राहिलं. मग सगळंच थांबवलं. त्यानंतरच्या वर्षात नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन जास्त परत चढलं, व्यायामाची जोड असलेल्यांचं कमी. औषध बंद करायची वेळ येईल तेव्हा कामाला येणारी तयारी औषध चालू असतानाच होते, भूक गप्प असते तेव्हा.

केस गळायला लागले तर घाबरू नका. झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-चार महिन्यांनी तसं होतं आणि बहुधा भरून येतं, प्रथिनं आणि लोह मात्र बघा. पोटात जोराचं, न थांबणारं, पाठीकडे जाणारं दुखणं, सारख्या उलट्या, डोळे पिवळे होणं, एका डोळ्याची नजर अचानक जाणं यासाठी मात्र सकाळची वाट पाहायची नाही, रुग्णालयात जायचं. आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, मोतीबिंदूची का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे हे सांगा. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

पैसे, फ्रीज आणि बिल

टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची एक कुपी साडेतीन हजारांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. जून २०२५ मध्ये आलेलं वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याहून महाग होतं, पण काही महिन्यांतच त्याची किंमत बरीच उतरवावी लागली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यापुढे देशी कंपन्यांना वाट मोकळी. तरीही हिशेब महिन्याचा करू नका, दोन वर्षांचा करा. डॉक्टरांची फी आणि तपासण्या त्यात धरा. आरोग्य विमा बहुधा हा खर्च देत नाही, पॉलिसी उघडून बघा. दोन वर्षांचा आकडा झेपत नसेल तर सुरूच न करणं किंवा ऑर्लिस्टॅट, आहार, व्यायाम यांवर भर देणं यात कमीपणा नाही. मुलांच्या फीचे पैसे मोडून चार महिने इंजेक्शन घेण्यात मात्र शहाणपण नाही.

न वापरलेलं इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं. फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, कारण गोठलेलं इंजेक्शन टाकूनच द्यावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात घरातच चाळीस अंश असतात आणि वीज जाते. अशा वेळी फ्रीज उघडझाक न करता बंद ठेवा आणि बाहेर किती दिवस, किती तापमानापर्यंत चालतं ते खोक्यातल्या पत्रकात वाचून ठेवा. दुकानदाराने ते साध्या पिशवीतून, उन्हातून आणून दिलं तर घेऊ नका. बॅच नंबर घातलेलं बिल मागा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. स्वस्तात, बिलाशिवाय, व्हॉट्सॲपवर मिळणाऱ्या पेनमध्ये काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

थांबायचं कधी, आणि कसं

झेपेल त्या पूर्ण डोसवर तीन महिने काढूनही वजन पाच टक्के उतरलं नसेल, तर डॉक्टरांशी बसून औषध चालू ठेवायचं का, हे नव्याने ठरवा. ८० किलोच्या माणसासाठी ही रेष चार किलोंची.

लागू पडलं, तर साधारण वर्ष-सव्वा वर्षाने वजन एका जागी थांबतं. इथे लोक चुकतात. काटा थांबला म्हणजे औषध संपलं असं समजून ते सोडून देतात. खरं तर त्या क्षणी औषध वजन धरून ठेवण्याचं काम करत असतं. इथून दोन वाटा फुटतात. मधुमेह, हृदयरोग, पुष्कळ लठ्ठपणा असलेल्यांसाठी ते चालूच ठेवणं, झेपेल त्या कमीत कमी डोसवर, हीच बहुधा बरी वाट. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. ज्यांचा अपाय कमी आहे आणि ज्यांनी वर्षभरात ताट आणि व्यायाम दोन्ही बसवले आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवून थांबून बघावं. पण नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर नको, बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण अशा धावपळीतही नको. थांबल्यावर दर आठवड्याला ठरल्या दिवशी, सकाळी, काट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. दोन-तीन किलोंनी वर सरकला आणि महिनाभर खाली येईना, की डॉक्टरांना फोन. दहा किलो वाढल्यावर शरमेने तोंड लपवण्यापेक्षा हा फोन सोपा जातो.

औषध परवडेनासं झालं तर काही जण आठवड्याचं इंजेक्शन दहा-बारा दिवसांनी घेऊन पुरवायला लागतात, कधी महिनाभर खंड पडतो आणि मग पगार झाला की थेट जुना मोठा डोस टोचतात. पोटाची सवय तोवर मोडलेली असते. त्या रात्रीच्या उलट्या फार वाईट असतात. एक डोस चुकला तर पत्रकात दिलेल्या मुदतीत घ्या, मुदत टळली असेल तर तो सोडून पुढच्या ठरल्या दिवशी घ्या. लागोपाठ दोनाहून जास्त चुकले असतील, तर कुठल्या डोसपासून पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई उघडू नका.